सर, तुम्ही येऊन बघाल का?

"मॅडम, ऑपरेशन सर करतात, पण रात्रभर पेशंट माझ्या भरवशावर असतो. माझ्या नजरेतून काही सुटलं तर?"

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत निवासी डॉक्टरांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय, की लिहावंसं वाटलं.

सर्जरीच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी (ओळखीचे तपशील बदललेत). ड्युटी संपली तरी हॉस्टेलवरून वॉर्डात फोन करत राहायची, झोप उडालेली. कारण एक रात्र. पोटाचं ऑपरेशन झालेल्या तरुणाची पल्स 84 वरून 118 वर गेली. बीपी व्यवस्थित होतं, म्हणून ती थांबली. दोन तासांनी बीपी कोसळलं. पोटात रक्तस्राव होत होता, पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं. तो वाचला, पण हिची ती रात्र काही संपेना.

"मला कळायलाच हवं होतं," दर भेटीत हेच. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून, हृदय पळवून बीपी बराच वेळ टिकवतं, 30 टक्क्यांच्या आसपास रक्त जाईपर्यंतही, हे तर तिनंच मला समजावलं. चौथ्या भेटीत मी विचारलं,

"118 दिसल्यावर मनात काय आलं?"

"ब्लीडिंग असेल."

"म्हणजे कळलं होतं."

ती गप्प. मीही गप्प बसले. अशा वेळी समुपदेशकानं बोलायची घाई करू नये, हे इतक्या वर्षांत शिकलेय. बऱ्याच वेळानं म्हणाली, "फोन हातात घेतला होता मॅडम. वाटलं, सर म्हणतील, एवढंही कळत नाही?" आणि रडली.

तीन भेटी आम्ही तिच्या अज्ञानाबद्दल बोलत होतो, आणि आडवी आली होती लाज! मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 'पाहिजेच'च्या हट्टावर बोट ठेवलं. मराठीत तो अख्खा हट्ट एका 'च'मध्ये मावतो. आम्ही तो 'च' काढला: "मला शंका येते, आणि आली की मी ती सांगते."

पण वाक्य मनात बदलून भागत नाही, तोंडात बसावं लागतं. म्हणून सराव केला. मी झोपेतून उठलेला, वैतागलेला सीनियर झाले, ती फोन करायची: "सर, ऑपरेशनला सहा तास झालेत, पल्स 84 ची 118, युरिन कमी होतंय, मला ब्लीडिंगची शंका आहे. तुम्ही येऊन बघाल का?" शेवटचं वाक्य ती दर वेळी गिळायची. सहाव्यांदा ते स्पष्ट आलं.

सीनियरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. संध्याकाळच्या राऊंडलाच त्या त्या पेशंटचे आकडे देऊन ठेवा: पल्स इतकी ओलांडली, की मला उठव. लघवी दर किलो वजनामागे तासाला अर्ध्या मिलीच्या खाली, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 30 मिलीच्या खाली गेली, की उठव. आणि फोन आला की आधी "बरं केलंस" म्हणा, तपासल्यावर काही निघालं नाही तरी.