आयसर नाही, मग कुठे?

प्रश्न : माझ्या मुलीला पुण्याच्या आयसरमध्येच (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) भौतिकशास्त्र शिकायचे होते, परंतु प्रवेश परीक्षेतील क्रमांक कमी पडला. आता काय करावे? (एक पालक, कोथरूड)

उत्तर : तिचे रडणे आधी ऐकून घ्या, दोन वर्षांची मेहनत आहे ती. मात्र पाषाणचे, म्हणजे आयसरचे, दार एकदाच उघडते असे नाही. फर्ग्युसन किंवा स. प. महाविद्यालयातून बीएस्सी करून ती जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊ शकते, आणि त्या गुणांवर आयआयटीत एमएस्सीला प्रवेश मिळतो. दरम्यान विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठीही तिने अर्ज करावा. आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था पुण्यातच आणि खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण जिल्ह्यातच आहे, हे पुण्याचे भाग्यच म्हणायचे. महाविद्यालय निवडताना मात्र केवळ नावावर जाऊ नका. दुपारी प्रयोगशाळेत डोकावून, वर्णपटमापकावर (प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणारे उपकरण) धूळ साचली आहे की विद्यार्थी स्वतः त्यावर डोळा लावून मोजमापे वहीत टिपत आहेत, हे पाहा, आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प कोणते मिळाले, हे तिलाच विचारू द्या.