वाचक विचारतात : पावसाळ्यानंतर बोटीचं स्टिअरिंग जड झालं

प्रश्न : आमच्या २२ फुटी फायबर बोटीला १५० हॉर्सपॉवरचं एक आउटबोर्ड (मागच्या फळीवर बाहेर बसवलेलं इंजिन) आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग आहे. भाऊचा धक्का ते मांडवा अशी ये-जा असते. पावसाळाभर बोट वर ओढून ताडपत्रीखाली ठेवली होती. आता चाक दोन्ही हातांनी ओढावं लागतं. वेगात उजवीकडे वळवायला तर फारच जड जातं. मेकॅनिकने तेल भरून हवा काढली, पण फरक नाही. पंप बदलावा का?
— एक वाचक, माझगाव

उत्तर : पंपाला अजून हात लावू नका. सिस्टीममध्ये हवा असली की चाक मऊ लागतं, उसळी मारतं, जास्त फिरवावं लागतं. जड होत नाही. त्यामुळे हवा काढून गुण आला नाही यात नवल नाही.

आधी दोष इंजिनात आहे की स्टिअरिंगमध्ये, ते ठरवा. इंजिन बंद करून खाली सरळ उभं ठेवा. स्टिअरिंगच्या सिलिंडरचा (तेलाच्या दाबाने इंजिन वळवणाऱ्या नळकांड्याचा) हात इंजिनाला जिथे जोडलाय तो बोल्ट काढा आणि इंजिन हाताने डावी-उजवीकडे ढकला. ते सहज फिरायला हवं. मग सुटा सिलिंडर मोकळा ठेवून चाक फिरवा.

इंजिनच जड निघालं, आणि चार महिने उभ्या बोटीत बहुतेकदा तेच निघतं, तर स्विव्हल ब्रॅकेटमधलं (इंजिन ज्यात डावी-उजवीकडे फिरतं त्या भागातलं) जुनं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट झालंय आणि त्यात खारं पाणी शिरलंय. ब्रॅकेटच्या प्रत्येक निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) ग्रीस गन लावा, मरीन ग्रीस भरा आणि भरताना इंजिन या टोकापासून त्या टोकापर्यंत हलवत राहा. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत थांबू नका. ग्रीस आतच जात नसेल तर निपल चोंदलाय, तो बदला. तरीही जात नसेल तर ब्रॅकेटवर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं धरा, गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर ठेवा आणि पुन्हा करा. त्यानेही सुटलं नाही तर ब्रॅकेट खोलून आतले बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) बदलण्यावाचून इलाज नाही.

सिलिंडरचा आधाराचा दांडा ज्या टिल्ट ट्यूबमधून (इंजिन ज्यावर वर-खाली कलतं त्या आडव्या नळीतून) जातो ती नळीही बघा. दांडा बाहेर काढा, मीठ आणि गंज ब्रशने साफ करा, ग्रीस लावून परत घाला. त्याचे नट प्रमाणाबाहेर आवळले तर सिलिंडर अडकून पुन्हा तेच दुखणं येतं. काढलेले नायलॉनचे लॉक-नट परत वापरू नका, नवेच घाला. वेगात हा सांधा सुटला तर सुकाणूच हातात राहत नाही.

इंजिन हलकं आणि चाकच जड असेल तर होज (तेलाची नळी) कुठे झाकणाखाली दबलाय का ते पाहा. दुसरा संशय तेलाचा. गाडीचं इंजिन ऑइल या कामाला फार जाड पडतं, आणि ब्रेक ऑइल सील खराब करतं. स्टिअरिंग कंपनीचं किंवा आयएसओ १५ दर्जाचं हायड्रॉलिक तेलच हवं. चुकीचं तेल गेलं असेल तर सगळं काढून नवं भरा. एका हेल्मच्या (एकच चाक आणि पंप असलेल्या) बोटीला साधारण २ लिटर हाताशी ठेवा.

उजवीकडे वळताना जास्त जड, हा भाग वेगळा आहे. तो पंख्याच्या ओढीचा. पंख्याच्या वरच्या पट्टीखाली लहान ट्रिम टॅब असतो. चाक ज्या बाजूला हलकं वळतं, त्या बाजूला टॅबचं मागचं टोक सरकवायचं. तुमचं डावीकडे हलकं आहे, म्हणून टोक डावीकडे. एका वेळी ३ मिमीपेक्षा जास्त नको, आणि नेहमीच्या वेगात, नेहमीच्या ट्रिमवर (इंजिनाच्या कलावर) चालवून बघा. टॅबला रंग लावू नका, बऱ्याच इंजिनांत तोच गंजरोधक जस्त असतो. इंजिन उंच बसवलेलं असेल तर वेगात टॅब पाण्याबाहेर राहतो आणि त्याचा उपयोग होत नाही. पण हे सगळं ग्रीसचं काम झाल्यावर, आधी नाही.