ऐकायला ऐंशी, मागणी तिघांची
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

लाइव्ह ऑडिओ अॅपवर बोलून कमाई कशी करायची आणि धंदा कसा वाढवायचा, याबद्दल मुंबईतल्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी लालबागला राहते. घरी केलेला गोडा मसाला आणि मालवणी मसाला विकते. दर गुरुवारी रात्री एक्सच्या (पूर्वीचं ट्विटर) स्पेसेसवर, म्हणजे आवाजाच्या लाइव्ह खोलीत, तासभर मसाल्यांविषयी बोलते. ८०-९० जण ऐकतात, भरभरून कौतुक करतात, पण मागणी दोन-तीनच येते. काय चुकतंय?

ताई, ऐकणारा त्या वेळी काय करत असतो ते आधी डोळ्यांसमोर आणा. कुणी पोळ्या लाटतंय, कुणी भांडी घासतंय, कुणी लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभं आहे. हात अडकलेले असतात म्हणूनच लोक आवाज लावून ठेवतात. दहा आकडी नंबर तुम्ही तीनदा सांगितलात, तरी कणकेच्या हातांनी तो लिहून घेणार कोण?

त्यासाठी व्हॉट्सअॅप बिझनेसमधली शॉर्ट लिंक वापरा. तिच्यात आधीच मजकूर भरून ठेवता येतो. तिथे फक्त ‘गोडा’ एवढा शब्द ठेवा. ही लिंक एका पोस्टमध्ये टाका आणि ती पोस्ट स्पेस सुरू होताच वर लावा (पिन करा). मग बोलताना नंबर सांगूच नका. ‘वर लावलेल्या पोस्टवर बोट ठेवा, गोडा असं आपोआप येईल, पाठवून द्या’, एवढंच म्हणा. पत्ता, किती पाकिटं, पैसे कसे, ही सगळी चौकशी नंतर चॅटवर होऊ द्या.

दुसरं म्हणजे ‘मसाल्यांविषयी’ हा विषय होत नाही. एका दिवशी एकच अडचण घ्या. ‘पावसाळ्यात मसाल्याला गोळे का येतात?’ असा विषय घेतलात, तर ज्याच्या बरणीत गोळे आहेत तो थांबून ऐकेल. त्याला नीट कारण सांगा : भाजलेला जिन्नस पूर्ण निवायच्या आत दळला की आतली वाफ मसाल्यात राहते, ओला चमचा बरणीत जातो, बरणीचं झाकण सैल असतं. गोड्या मसाल्यात तीळ आणि सुकं खोबरं असतं, त्यांच्या तेलामुळे तो मालवणीपेक्षा लवकर खवट होतो, म्हणून लहान पाकीट घ्या आणि बरणीत हिंगाचा खडा ठेवा. हे सांगितल्यावर ‘माझं पाकीट २०० ग्रॅमचंच का आहे’ हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

वेळ ४५ मिनिटांवर आणा. पहिल्या ५ मिनिटांत माणसं जमेपर्यंत फक्त विषय सांगा. पुढची २० मिनिटं मुद्द्याची, मग १५ मिनिटं लोकांचे प्रश्न, शेवटची ५ मिनिटं मागणीची. मधे दर १० मिनिटांनी ‘मी कोण, आज काय चाललंय, लिंक कुठे आहे’ हे तीन वाक्यांत पुन्हा सांगा. याला होस्ट लोक रूम रीसेट म्हणतात. अर्धे लोक मधेच येतात आणि मधेच जातात. शेवटी एकदाच सांगितलेली लिंक त्यांच्या कानावर पडतच नाही. वेळ रात्री साडेनऊची ठेवा. आठ वाजता निम्मे लोक गाडीत असतात, आवाज तुटला की ते परत येत नाहीत.

आता हिशेब. समजा पाकीट १८० रुपयांचं, माल आणि पॅकिंग धरून खर्च १०५, म्हणजे सुटतात ७५. कुरिअरचे ६० तुम्ही भरलेत तर उरले १५. ही मेहनत १५ रुपयांसाठी करू नका. किमान ३ पाकिटांची मागणी ठेवा : २२५ वजा ६०, हातात १६५. अशा ६ मागण्या आल्या तर एका रात्रीचे ९९० होतात. पाकिटावर निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख आणि एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा नोंदणीचा) क्रमांक हवाच. अनोळखी गिऱ्हाईक आधी तेच बघतं.

एक चूक हमखास होते. मागणी केलेल्यांची ब्रॉडकास्ट यादी केली जाते, पण पुढचा मेसेज कुणालाच पोचत नाही. ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच ब्रॉडकास्ट जातो, आणि एका यादीत २५६ जणच बसतात. म्हणून पार्सलबरोबर नंबर सेव्ह करण्याची चिठ्ठी घाला. ही यादीच तुमची खरी पेढी आहे, स्पेस हा फक्त ओटा.

प्रश्न : गिरगावात चाळीतली एकच खोली आहे. लोक म्हणतात तुमचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो आणि मधेच गायब होतो. चांगला माइक घ्यावा का? (वास्तू सल्लागार)

माइक नंतर बघू. आधी ब्लूटूथचा इअरफोन बाजूला ठेवा. गाणी ऐकताना तो छान वाजतो, पण त्याचाच माइक सुरू झाला की बहुतेक फोन फोनकॉलच्या दर्जाच्या आवाजावर उतरतात. डबा तिथून येतो. वायरचा माइकवाला इअरफोन घ्या. त्याचा माइक शर्टाच्या कॉलरवर किंवा मंगळसूत्रावर घासला की ऐकणाऱ्याला खरखर ऐकू येते, म्हणून कपडे वाळत घालायच्या चिमट्याने तो छातीवर अडकवा, तोंडापासून वीतभर.

खोलीत उघड्या भिंतीकडे तोंड करून बसू नका, आवाज आपटून परत येतो. कपड्यांचं कपाट उघडा ठेवून त्याच्याकडे तोंड करून बसा, किंवा समोर दोरीवर गोधडी टाका. बरोबर पंख्याखाली बसू नका.

गायब होण्याची कारणं दोन. फोन आला की माइक कॉलकडे जातो. वायफाय असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाकून वायफाय परत चालू करा. नसेल तर घरातल्या दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट घ्या. दुसरं कारण अँड्रॉइडची बॅटरी बचत : स्क्रीन बंद झाली की ती अॅपला झोपवते. सेटिंगमध्ये त्या अॅपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. डेटाची चिंता सोडा. ६४ केबीपीएस दराने तासाला साधारण २९ एमबी लागतात. महत्त्वाचा असतो तो सलग सिग्नल.

सुरू करण्याआधी कुणाला तरी दुसऱ्या फोनवर ऐकायला लावा, पण दुसऱ्या खोलीत किंवा जिन्यात. दोन्ही फोन जवळ असले की शिट्टी घुमते.

प्रश्न : मुलुंडला मी अमराठी लोकांना मराठी बोलायला शिकवते. आवाजाच्या कोणत्या अॅपवर चांगले पैसे मिळतात?

अॅपकडून मिळणाऱ्या पैशांवर घरखर्च बेतू नका. क्लबहाउस हे आवाजातल्या गप्पांचं अॅप २०२० मध्ये आयफोनवर आलं, मे २०२१ मध्ये अँड्रॉइडवर, आणि आपल्याकडे एकच गर्दी झाली. २०२३ मध्ये त्यांनी निम्म्याहून जास्त माणसं कमी केली आणि अॅपचा रोखच बदलला. स्पॉटिफायने जून २०२१ मध्ये आणलेलं ग्रीनरूम पुढे स्पॉटिफाय लाइव्ह झालं आणि एप्रिल २०२३ मध्ये बंद पडलं. रेडिट टॉक आणि अॅमेझॉनचं अॅम्पही २०२३ मध्येच गेलं. ज्यांची शिष्यमंडळी फक्त त्या अॅपवर होती, त्यांची मंडळीही गेली.

तुमचा विषय मात्र आवाजासाठीच जन्मलेला आहे. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च लिहून दाखवता येत नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हा फरक कानानेच शिकावा लागतो. म्हणून आठवड्यातून एक खुली अर्ध्या तासाची लाइव्ह खोली घ्या : एक दिवस रिक्षावाल्याशी बोलणं, एक दिवस भाजीवालीशी. टेलिग्राम चॅनेलवर घेतलीत तर रेकॉर्डिंगही करता येतं.

पैसे सशुल्क तुकडीतून येऊ द्या. ४५ मिनिटांच्या वर्गात प्रत्येकाला ३ मिनिटं बोलायला मिळालीच पाहिजेत, म्हणजे १२ जणांची ३६ मिनिटं झाली आणि ९ तुमची. १३वा घेऊ नका, मग कुणीतरी गप्पच राहतो आणि दुसऱ्या आठवड्यात येईनासा होतो. ८ वर्गांचे १,२०० रुपये धरले तर एका तुकडीचे १४,४०० होतात. फी यूपीआयने आधी घ्या. पैसे आल्यावरच खासगी गटाची लिंक पाठवा आणि तुकडी भरली की ती बदला, नाहीतर ती नातेवाइकांत फिरते.

यूट्यूबवर लाइव्ह घेऊन सुपरचॅट (प्रेक्षकांनी पैसे देऊन पाठवलेले मेसेज) घ्यायचं असेल तर ५०० सबस्क्रायबर, गेल्या ९० दिवसांत ३ सार्वजनिक व्हिडिओ आणि वर्षभरात ३,००० तास पाहिलं जाणं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज) लागतात. सुपरचॅटमधले ७० टक्के तुमचे. फोनवरून लाइव्ह जायला ५० सबस्क्रायबर हवेत आणि पहिल्यांदा सुविधा सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, तेव्हा जाहिरात करण्याआधी ती सुरू करून ठेवा.

प्रश्न : माझ्या मुलीला एका व्हॉइस चॅट अॅपवर ‘होस्ट’ची नोकरी सांगितली आहे. रोज ४ तास अनोळखी लोकांशी बोलायचं, गिफ्टवर पैसे. आधी २,००० रुपये नोंदणी भरायची आहे. (भांडुप)

भरू नका. काम देणारा आधी पैसे मागत असेल तर बोलणं तिथेच थांबवा.

गिफ्टचा व्यवहार असा चालतो : ऐकणारा पैसे देऊन कॉइन घेतो, त्याचं गिफ्ट देतो, होस्टच्या खात्यात त्याचे ‘डायमंड’ किंवा ‘बीन्स’ होतात. अॅप स्टोअर आपलं कमिशन घेतं, मग अॅप, मग मधली एजन्सी, आणि उरलेलं होस्टला, तेही ठरावीक रक्कम साठल्यावर आणि तासांचं टार्गेट भरल्यावर. आठवडा संपता संपता ५ तास कमी पडले की पूर्ण मानधन अडकतं, आणि मग मुली रात्री २ वाजेपर्यंत नको त्या माणसांशी बोलत बसतात. पैसे आधीच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : दादरहून दर रविवारी नाटकांवर चर्चा घेतो, ३०० जण येतात. एका साडीच्या दुकानाने प्रायोजक होतो म्हटलंय. किती मागावेत? नाट्यगीतं वाजवली तर चालेल?

३०० हा आकडा दाखवू नका. २० मिनिटांपेक्षा जास्त थांबलेले किती, ते मोजा. १०व्या, २०व्या आणि ४०व्या मिनिटाला स्क्रीनशॉट काढून ठेवले की झालं. एका रविवारची किंमत सांगू नका, ४ रविवारांचा एकच दर सांगा आणि निम्मे आगाऊ घ्या. एका खेपेत साडी विकली जात नाही आणि दुकानदार नाराज होऊन जातो. चौथ्यापर्यंत लोकांना दुकानाचं नाव पाठ होतं. प्रत्येक वेळी दुकानाचा एक वेगळा शब्द द्या, दुकानात तो सांगितला की सवलत, म्हणजे किती जण गेले ते दोघांनाही कळतं.

प्रायोजकाचं नाव लपवू नका. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे अॅस्कीच्या, नियमाप्रमाणे ऑडिओमध्ये जाहिरात असल्याचं सुरुवातीला, शेवटी आणि मधल्या प्रत्येक ब्रेकच्या आधी व नंतर स्पष्ट सांगावं लागतं. पैशांऐवजी साड्या मिळाल्या तरी ते उत्पन्नच. एकाच दुकानाकडून वर्षात २०,००० पेक्षा जास्त किमतीची वस्तू आली तर १० टक्के टीडीएसचा विषय येतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पण पॅन घातलेलं बिल मात्र पहिल्या दिवसापासून द्या.

नाट्यगीतांचं रेकॉर्डिंग परवान्याशिवाय वाजवू नका. रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे, शब्द-संगीताचे वेगळे. चर्चेला गाणं लागतंच असं नाही, त्याचा संदर्भ बोलून देता येतो.

आणि दोन मॉडरेटर नेमा. जानेवारी २०२२ मध्ये क्लबहाउसवर महिलांबद्दल अश्लील बोलल्याप्रकरणी मुंबई पोलिसांनी हरियाणातून तिघांना अटक केली होती. कुणी तसं बोललं की आधी म्यूट, मग स्टेजवरून खाली, मग ब्लॉक आणि रिपोर्ट. त्याच्याशी वाद घालत बसलात तर तेवढा वेळ सगळे तेच ऐकत राहतात.

प्रश्न : शेअर बाजारावर सकाळी लाइव्ह घेऊन फी घेतली तर? (कांदिवली)

कोणता शेअर घ्यावा हे सांगून फी घ्यायची तर सेबीची नोंदणी हवी. ‘मी फक्त शिकवतो’ असं म्हणाल तर जानेवारी २०२५ चं सेबीचं परिपत्रक वाचा. शिकवताना गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून कोणत्याही शेअरचं नाव घ्यायला त्यात मनाई केली. सकाळी सव्वानऊला चालू भावावर बोलणं त्यात कुठेच बसत नाही. जुने तक्ते घेऊन, ताळेबंद कसा वाचायचा यावर संध्याकाळी वर्ग घ्या.