तिसऱ्यांदा परीक्षा कुणासाठी?

नमस्कार,

मुलगी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला, आणि तुम्ही तिला मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला तिसऱ्यांदा बसवायचं ठरवलंय. तिला काय वाटतं याबद्दल तुमच्या पत्रात एकच ओळ आहे, तीही तक्रारीची: ‘यीस्टच्या स्लाइड बघत संध्याकाळपर्यंत लॅबमध्येच असते.’ मला काळजी वाटली ती याच ओळीची. दोनदा प्रवेश हुकल्यावर मुलगी सावरली, तिला तिचा विषय सापडला, आणि घरात मात्र त्याचाच राग!

ती काय बघते, ते ऐका. कँडिडा अल्बिकन्स हे यीस्ट, म्हणजे सुट्या गोलसर पेशींच्या रूपातली बुरशी, कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात निमूट राहतं. त्याच्या गोलसर पेशी सीरममध्ये 37 अंश सेल्सिअसला ठेवल्या, की दोन-तीन तासांत त्यांना नळीसारखे कोंब फुटतात. कोंबाचा तंतू होतो आणि ऊतीत घुसतो. शरीराचं रक्षण करणाऱ्या भक्षक पेशीने गिळलं, तर तिलाही फोडून बाहेर पडतो. हे तंतू कँडिडालायसिन नावाचं विष सोडतात, त्याने आपल्या पेशींच्या आवरणाला भोकं पडतात. या विषाचा शोध 2016 मधला. इतका ताजा विषय आहे हा! हिस्टोप्लाझ्मा या दुसऱ्या बुरशीचं तर उलटंच: मातीत तंतू, फुप्फुसात यीस्ट.

‘बुरशी म्हणजे खाज, मलम लावलं की गेली,’ असं तुम्ही लिहिलंत. हा गैरसमज काढून टाका. आयसीयूतल्या रुग्णाच्या कॅथेटरवर, म्हणजे शरीरात घातलेल्या नळीवर, कँडिडाचा चिवट थर बसतो, तिथून ती रक्तात उतरते आणि जीवही जातो. बुरशीच्या पेशींची घडण आपल्या पेशींच्या जवळची, त्यामुळे तिला मारून आपल्याला न दुखावणारी औषधं मोजकीच आहेत. 2009 मध्ये प्रथम वर्णन झालेली कँडिडा ऑरिस त्यांतल्या अनेकांना दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 च्या यादीत या दोन्ही कँडिडा सर्वांत गंभीर गटात टाकल्या आहेत.

एमएस्सी, मग पीएचडी, ही वाट लांबची आहे आणि स्थिर पगार उशिरा सुरू होतो, हेही स्पष्ट सांगते. लवकर कमवायचं असेल तर हॉस्पिटलची निदान प्रयोगशाळा आहे.

पण हे तिच्याशी बोलायचं आहे, तुमच्याशी नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या. तोवर परीक्षेचा फॉर्म भरू नका.