रेडिओच्या पाठीमागे बघा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आजोबांचा मर्फीचा व्हॉल्व्ह रेडिओ बरीच वर्षं बंद आहे. मीडियम वेव्ह केंद्रं डिजिटल होत असतील तर तो दुरुस्त करून उपयोग काय? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर: डिजिटल म्हणजे डीआरएम (डिजिटल रेडिओ मोंडिआल) पद्धतीचं प्रक्षेपण या सेटवर नुसती खरखर म्हणून येतं आणि बहुतेक जुन्या सेटवर एफएम पट्टाच नसतो. तरीही दुरुस्त जरूर करा. पाठीमागे 'पिक-अप' किंवा तबकडीची खूण असलेलं सॉकेट असेल, तर मोबाइलमधलं गाणं सेटच्या ॲम्प्लिफायरमधून, त्याच्याच स्पीकरवर वाजतं. मोबाइलच्या डाव्या-उजव्या वायरींना एकेक 1 किलोओहमचा रेझिस्टर लावून दुसरी टोकं एकत्र जोडा आणि ती सॉकेटच्या सिग्नल पिनला द्या.

पण आधी प्लग थेट लावू नका. सेटच्या सिरीजमध्ये 60 वॅटचा जुना फिलामेंट बल्ब घ्या, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. पहिला बदल कपलिंग कपॅसिटरचा, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हला सिग्नल पोचवणाऱ्या कपॅसिटरचा. कागदी कपॅसिटर दमट हवेत गळू लागतो, ईएल84 या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (पिन 2) पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो. तिथे तेवढ्याच मूल्याचा, बहुधा 0.01 किंवा 0.02 मायक्रोफॅरडचा, 630 व्होल्टचा पॉलिस्टर कपॅसिटर बसवा. वीजपुरवठ्याच्या फिल्टर कपॅसिटरला 47 मायक्रोफॅरड, 450 व्होल्ट पुरे. ईझेड80 रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) असेल तर पहिला फिल्टर 50 मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नका, रेक्टिफायरला ते झेपत नाही. आत हात घालण्याआधी प्लग काढा आणि फिल्टर कपॅसिटर 10 किलोओहमच्या रेझिस्टरमधून रिकामा करा.

प्रश्न: चोरबाजारातून एक-दोन सेट घ्यायचे आहेत. काय बघावं? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर: पॉलिश बघू नका, पाठचं झाकण काढायला सांगा. बाहेरून चकाचक, आत मूळ चासी (भाग बसवलेला धातूचा सांगाडा) काढून ब्लूटूथचा बोर्ड बसवलेला सेट म्हणजे केवळ खोकं. तो घेऊ नका, आणि आपल्या सेटचं तसं करूही नका. व्हॉल्व्ह आजही मिळतात, कपॅसिटर लॅमिंग्टन रोडला मिळतात. केंद्रांची नावं छापलेली डायलची काच मात्र फुटली की तशीच दुसरी मिळणं फार कठीण. म्हणून काच अखंड, मेन्स ट्रान्सफॉर्मर शाबूत, व्हॉल्व्ह आपापल्या जागी असलेला मळका सेट निवडा.

व्हॉल्व्हवर यूसीएच, यूएल, यूवाय अशी अक्षरं दिसली तर सावध. या सेटना बहुधा मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो, चासीत थेट 230 व्होल्ट येऊ शकतात. मोबाइल त्याला जोडू नका. दुरुस्तीही आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच, म्हणजे सेटला मेन्सपासून वेगळं ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरच.

प्रश्न: सातव्या मजल्यावर रेडिओवर रात्रीसुद्धा फक्त गुणगुण ऐकू येते. (एक वाचक, खारघर)

उत्तर: घरातले एलईडी दिवे आणि चार्जर एकेक करून बंद करून पाहा, बहुतेकदा दोषी तेच. मग 8-10 मीटर इन्सुलेटेड वायर खिडकीबाहेर, ग्रिलपासून लांब सोडा. काँक्रीटमधली सळई सिग्नल अडवते, त्यामुळे घरात गुंडाळलेली एरियल फारसं काही करत नाही. पावसाळ्यात मात्र वीज कडाडायच्या आधी ती काढून ठेवा.