वाचक विचारतात : रेशमाचे नॅनोतंतू

प्रश्न : तुतीच्या रेशीमकिड्याच्या कोषांपासून फायब्रॉइनचे (रेशीमधाग्याच्या मूळ प्रथिनाचे) द्रावण केले. फ्रिजमध्ये चार-पाच दिवसांतच त्याची जेली झाली. ताजे द्रावण इलेक्ट्रोस्पिनिंगला (उच्च विद्युतदाबाने सुईतून पत्र्यावर बारीक तंतू ओढण्याला) लावले, तर तंतूंऐवजी पत्र्यावर नुसते थेंब पडतात. कुठे चुकते?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, जालना

उत्तर : दोन्ही तक्रारींची कारणे वेगळी आहेत, एकच उपाय शोधू नका.

सुरुवात उकळण्यापासून करू. कोष कातरून आतली अळी व घाण काढा. ५ ग्रॅम तुकड्यांना २ लिटर डिस्टिल्ड पाणी आणि ४.२४ ग्रॅम सोडियम कार्बोनेट घ्या. पाणी खळखळ उकळले की कोष टाका आणि घड्याळ लावून ३० मिनिटे ठेवा. मग स्वच्छ डिस्टिल्ड पाण्यात २०-२० मिनिटे तीनदा धुऊन रात्रभर वाळवा. वाळल्यावर वजन करायला विसरू नका. कोषात पाव हिश्शाहून थोडे अधिक सेरिसिन (धाग्यांना चिकटवणारे डिंकासारखे प्रथिन) असते, म्हणजे ३.६-३.७ ग्रॅमच्या आसपास रेशीम उरायला हवे. ४ ग्रॅमच्या वर भरले, तर सेरिसिन नीट सुटलेले नाही. ‘असू दे जरा जास्त’ म्हणून तासभर उकळणेही वाईटच, कारण सोडा फायब्रॉइनच्या साखळ्याही तोडतो आणि द्रावण पाणचट होते.

पुढे १ ग्रॅम रेशमाला ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइडचे ४ मिलि द्रावण घालून ६० अंश सेल्सिअसवर ४ तास ठेवा. (हे मीठ पाण्यात विरघळताना भांडे चांगलेच तापते, थोडे थोडे घाला.) मग मीठ बाहेर जाण्यासाठी ३५०० डाल्टनच्या (त्याहून मोठे रेणू अडवणाऱ्या) पडद्याच्या नळीत ४८ तास डायलिसिस, सहा वेळा पाणी बदलून.

तुमचे द्रावण बहुधा इथे किंवा यानंतर बिघडले. डायलिसिसला नळाचे वा बोअरचे पाणी वापरले, तर त्यातला कॅल्शियम आत शिरतो आणि द्रावणाची लवकर जेली होते. दुसरे कारण घुसळणे. व्होर्टेक्सवर (नळी गरगर हलवणाऱ्या यंत्रावर) धरणे, चुंबकी दांडी जोरात फिरवणे, बारीक सुईतून दाबून काढणे, एवढ्यानेही साखळ्या एकमेकींना चिकटून बीटा-पत्रे (साखळ्यांच्या घट्ट, सपाट रचना) बनतात. ती पाण्याने परत सुटत नाहीत, म्हणून जेली झालेले द्रावण टाकून द्या. द्रावण जितके दाट, तितकी घाई जास्त. ७-८ टक्क्यांचे, न हलवता ४ अंशांवर ठेवलेले द्रावण काही आठवडे टिकायला हरकत नाही.

आता थेंबांचे. फायब्रॉइनचे ८ टक्के पाण्यातले द्रावण मुळातच पातळ, त्यामुळे धार हवेतच तुटते. त्याच्या ४ भागांत ५ टक्के पॉलिइथिलीन ऑक्साइडचा (पाण्यात विरघळणारे, द्रावण दाट करणारे पॉलिमर, रेणुभार ९ लाख) १ भाग हलक्या हाताने मिसळा. मिनिटाला ०.०१ ते ०.०२ मिलि वेग, १० ते १२ किलोव्होल्ट, सुई ते पत्रा १५ ते २० सेंमी अंतर. तंतूवर मणी ओवल्यासारखे दिसले, तर दाटपणा अजून कमी आहे. तंतू ओलेच पडून एकमेकांत मिसळत असतील, तर अंतर वाढवा आणि हवेकडे पाहा. पावसाळ्यात दमट हवेत पाणी उडतच नाही. पेटीतली आर्द्रता ५० टक्क्यांखाली आणल्याशिवाय बसूच नये. सुईला हात लावण्याआधी वीजपुरवठा बंद करून तिला अर्थिंग द्या.

प्रश्न : तयार झालेली जाळी पाण्यात टाकली की विरघळते.
— संशोधक विद्यार्थी, पुणे

उत्तर : ताज्या तंतूंत बीटा-पत्रे फारशी नसतात. जाळी ९० टक्के मेथॅनॉलमध्ये १०-१५ मिनिटे ठेवा. ती आक्रसते, म्हणून आधी कडा चौकटीत पक्क्या अडकवा. नंतर ४८ तास पाण्यात ठेवली की पॉलिइथिलीन ऑक्साइड निघून जातो. इन्फ्रारेड वर्णपटात अमाइड-१ चे (प्रथिनाची घडी दाखवणारे) शिखर १६४५ वरून १६२५ प्रति सेंमीच्या आसपास सरकले, तर काम झाले. जाळीत एन्झाइम किंवा औषध असेल, तर मेथॅनॉल नको. तळाशी पाणी ठेवलेल्या निर्वात डेसिकेटरमध्ये रात्रभर ठेवा.

प्रश्न : गडचिरोलीच्या टसर कोषांवर हीच कृती चालेल?
— रेशीम उत्पादक

उत्तर : नाही. टसरचे फायब्रॉइन ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइडला दाद देत नाही. प्रयोगशाळांत ते बहुधा अळीच्या रेशीम ग्रंथींतून थेट काढतात. कष्ट घेण्याचे कारण असे, की त्यात पेशींना चिकटायला मदत करणारा आरजीडी हा अमिनो आम्लांचा क्रम असतो. तुतीच्या रेशमात तो नसतो.

प्रश्न : अशा तंतूंच्या तारा करून मेंदूवर किंवा हृदयावर बसवता येतील का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : तार म्हणून नाही, रेशीम विजेचे अवाहक आहे. त्याचा उपयोग आधार म्हणून. २०१० मध्ये अमेरिकी संशोधकांनी अतिपातळ इलेक्ट्रोडची जाळी फायब्रॉइनच्या पापुद्र्यावर ठेवून मांजराच्या मेंदूवर बसवली. सलाइनने रेशीम विरघळले आणि जाळी मेंदूच्या वळ्यांवर चिकटून बसली. तंतूंवर पेडॉट (वीज वाहणारे पॉलिमर) किंवा चांदीचे लेपन करून वहन मिळवता येते, पण जाळी पुन्हापुन्हा वाकवली की लेपाला तडे जातात.

स्वतः वीज वाहणारे प्रथिन हवे असेल, तर जिओबॅक्टर जिवाणूकडे वळा. त्याच्या एका तंतूत ओएमसीएस या प्रथिनाचे हीम (लोहयुक्त) गट ओळीने रचलेले आहेत, हे २०१९ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसले. २०२० मध्ये जिओबॅक्टरच्या प्रथिनतंतूंच्या ७ मायक्रोमीटर जाड थराने हवेतल्या ओलाव्यावर सुमारे ०.५ व्होल्ट दिले, प्रवाह चौरस सेंमीला सुमारे १७ मायक्रोअँपिअर. साध्या लाल एलईडीला २ व्होल्ट लागतात. म्हणजे चार थर एकसरीत, आणि जेमतेम १.७ मिलिअँपिअरसाठीही प्रत्येक थर किमान १०० चौरस सेंमीचा.