मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात?

तुमचा प्रश्न असा आहे: उजव्या हाताला रात्री मुंग्या येऊन जाग येते, मानेच्या एक्स-रेत झीज दिसली म्हणून दोन महिने मानेला पट्टा लावला, तरी फरक नाही. मग नस मनगटात किंवा कोपरात दबली असेल का, आणि ऑपरेशन करावंच लागतं का?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, परळला हाताच्या रुग्णांसोबत काम करते. निदान डॉक्टरच करतील, पण त्याआधी एक काम तुमच्याकडे आहे. आज रात्री जाग आली की दिवा लावा आणि एकेक बोट दुसऱ्या हाताने चोळून पाहा. ‘सगळाच हात बधिर होतो’ असं जवळपास प्रत्येक जण सांगतो, आणि नीट पाहिलं की बहुतेकांचं एखादं तरी बोट सुटलेलं निघतं.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बधिर असेल, तर संशय मनगटावर. करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू असेल, तर कोपरावर. अनामिकेच्या दोन कडा दोन वेगळ्या नसांकडे जातात, म्हणून ते बोट सावकाश तपासा. मानेचा त्रास असेल तर दुखणं सहसा मानेपासून खांद्यातून खाली उतरतं आणि मान वळवली की बदलतं. पन्नाशीच्या आसपास मानेच्या एक्स-रेत थोडीफार झीज बहुतेकांच्या दिसते, ज्यांना काही त्रास नाही त्यांच्याही. त्यामुळे एवढ्यावरून मानेला दोष देता येत नाही.

मनगटात हाडांची एक पन्हळ असते आणि तिच्यावर जाड अस्थिबंधाचं झाकण. त्या बोगद्यातून बोटं वाकवणारे 9 स्नायुबंध जातात आणि त्यांच्या सोबतीला ही एक नस. स्नायुबंधांवरचं आवरण जरा सुजलं की चेंगरते ती नस, कारण सगळ्यांत मऊ तीच. झोपेत मनगट दुमडतं, दाब वाढतो, जाग येते, आपण हात झटकतो आणि बरं वाटतं. हे झटकून बरं वाटणं डॉक्टरांना आवर्जून सांगा. दिवसा बाइकचं हँडल, लोकलमध्ये एका हातात धरलेला मोबाइल, पोळ्या लाटणं, अशा वेळी तेच होतं. दोन्ही मनगटं खाली दुमडून, हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवून एक मिनिट धरा. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय पक्का होत जातो.

कोपराची नस आतल्या बाजूच्या हाडामागून जाते. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तीच ही. कोपर दुमडलं की ती ताणली जाते. डोक्याखाली हात घेऊन झोपणं, तासन्‌तास फोन कानाला लावणं, टॅक्सीच्या खिडकीवर कोपर टेकवून गाडी चालवणं, ही तिची नेहमीची कारणं. हीच नस क्वचित मनगटातही दबते. मग करंगळी बधिर होते, पण तिच्यामागची हाताची पाठ शाबूत राहते, कारण तिथली फांदी मनगटाच्या आधीच वेगळी होते.

कोपराबाबत आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी, ती म्हणजे कुष्ठरोग. तो याच नसेला पुष्कळदा धरतो. नस दोरीसारखी जाड लागत असेल, अंगावर कुठे संवेदना नसलेला फिकट चट्टा असेल, तर लाजून लपवू नका. वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ रुग्णालय या आजारासाठीच आहे, औषधं मोफत मिळतात आणि आजार पूर्ण बरा होतो.

साखर, थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्या. एनसीव्ही या नसांच्या तपासणीत छोटे शॉक देऊन नसेतून संदेश जाण्याचा वेग मोजतात. कोपरापाशी तो सेकंदाला 50 मीटरच्या खाली गेला तर नस दबल्याचं धरतात. सुरुवातीच्या काळात रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, म्हणून हात तपासून घेतल्याशिवाय नुसत्या कागदावर निर्णय नको.

आता ऑपरेशन. मुंग्या येऊन-जाऊन असतील तर आधी रात्री मनगटाचा पट्टा, किमान सहा आठवडे. मेडिकलमधल्या पट्ट्यात बहुधा वर वाकवलेली धातूची पट्टी असते. ती काढून सरळ करून घ्या, मनगट सरळच राहिलं पाहिजे. कोपरासाठी रात्री टॉवेल सैलसर गुंडाळा, म्हणजे ते दुमडणार नाही. मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शनही देतात. आराम पडतो, पण पुष्कळांना काही महिन्यांनी त्रास परत येतो. गरोदरपणातला त्रास बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो.

बधिरपणा कायमचा झाला, वस्तू हातातून निसटू लागल्या, किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा सपाट झाला, तर मात्र थांबू नका. माझ्या आईने घरी वर्षानुवर्षं पोळ्या करून दिल्या. रात्री उठून हात झटकत बसायची आणि आम्ही सगळे ‘वात आहे’ म्हणायचो. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा तो उंचवटा गेलेला होता. ऑपरेशननंतर तिला शांत झोप लागू लागली, पण ब्लाउजचे हूक तिला आजही लावता येत नाहीत. मी तेव्हा या विषयाचं शिकतही होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

मनगटाच्या ऑपरेशनमध्ये तेवढाच भाग बधिर करून ते झाकण कापतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. रात्रीच्या मुंग्या पुष्कळदा काही दिवसांतच थांबतात, तळहाताच्या मुळाचं दुखणं मात्र काही महिने रेंगाळू शकतं. कोपरात नस मोकळी करतात किंवा हाडाच्या पुढे आणून ठेवतात. तिथे उशीर जास्त महागात पडतो. खराब झालेली नस परत दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, आणि कोपरापासून पंजातल्या बारीक स्नायूंपर्यंतचं अंतर पाव मीटरच्या आसपास. म्हणजे आठ-नऊ महिने तरी हवेत, आणि तोवर स्नायू टिकले पाहिजेत. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये, हाताच्या पाठीवर खळगा दिसतोय का, तो दुसऱ्या हाताशी ताडून पाहा. मग अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये, अंगठा सरळ ठेवून, कागद धरा आणि कुणाला ओढायला सांगा. अंगठ्याचं टोक दुमडून कागद धरावा लागला, तर याच आठवड्यात हँड सर्जनला दाखवा.

तुमच्या वर्णनावरून मला आधी मनगटाचा संशय येतो. रात्रीचा मनगटाचा पट्टा आजपासून लावायला हरकत नाही. आणि त्या दिवा लावून पाहिलेल्या बोटांची नावं कागदावर लिहून ओपीडीत न्या.